घाम वाळत नाही तिथली मॅरेथॉन

पहाटेचे साडेचार वाजलेत. सिंगापुरातल्या बेडोकमधल्या आमच्या इमारतीच्या तळाशी, व्हॉइड डेकच्या बाकावर बसून मी बुटांच्या नाड्या बांधते आहे. अजून एक पाऊलही पळाले नाही, तरी मान ओली झाली आहे. वर खिडक्यांबाहेर काढलेल्या बांबूंवर कुणाचे तरी काल संध्याकाळचे कपडे लोंबताहेत. हात लावला तर अजून दमट लागतील. माझ्या पहिल्या मॅरेथॉनला तीन आठवडे उरलेत. गेले पाच महिने या शहरात पळताना जे शिकले त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मला या कपड्यांकडे बघून कळलं. पाणी अंगावर आलं एवढ्याने भागत नाही, ते वाळावं लागतं.

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा अवघड आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१मध्ये कायमचा ठरला. त्याआधी जागोजागी थोडं कमी-जास्त चालायचं. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तर ४२.७५ किलोमीटर पळावं लागलं. त्या शर्यतीत आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारे गडी पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं मनावर घेतलं, त्या संघातले ते एक. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि ते १९वे आले. शंभर वर्षांपूर्वीची ही वेळ आजही भल्याभल्या हौशी धावपटूंना गाठता येत नाही. त्यांचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अंतर आता जगभर सारखंच आहे. हवा मात्र सारखी नाही.

पळताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा शरीर पुढे ढकलायला कामी येतो. बाकी सगळी उष्णता होते. ढोबळ हिशेब असा की एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी लागते (खाण्याच्या पाकिटावर छापतात ती कॅलरी). माझं वजन ६० किलो, वेग तासाला ८ किलोमीटर. म्हणजे तासाला ४८० कॅलरी खर्च, आणि त्यातल्या साधारण ३७० निव्वळ उष्णता. माझ्याएवढ्या शरीराचं तापमान एका अंशाने वाढायला ५० कॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर आठ मिनिटांना अंग एका अंशाने तापेल आणि चाळीस मिनिटांत ४२ अंशांवर, म्हणजे जिवावर बेतेल इतकं वर जाईल. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी पेन खाली ठेवून जरा वेळ गप्प बसले होते. दर रविवारी आपण पळून धडधाकट घरी येतो, ते केवळ घामामुळे.

एक लिटर घामाची वाफ होताना तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे मला तासाला पाऊण लिटरपेक्षाही कमी घाम पुरायला हवा. पण अट एकच, त्याची अंगावरच वाफ व्हायला हवी. हनुवटीवरून, कोपरांवरून टपटपून जमिनीवर पडलेला घाम जवळजवळ काहीच उष्णता नेत नाही. सिंगापुरात तासाभराने माझ्या बुटांतून पचपच आवाज येतो, बनियन पिळलं तर धार लागते. तो सगळा वाया गेलेला घाम. शरीराला गारवा मिळत नाही म्हणून ते आणखी घाम काढतं, आणि तोही गळून जातो.

इथे आमच्या रविवारच्या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. हवामानाचं ॲप पहाटे आर्द्रता ९५ टक्के दाखवतं आणि दुपारी ६५ टक्के. मग संध्याकाळी पळणारे म्हणतात, पहाटे घाम कसा वाळेल, संध्याकाळच बरी. दिसायला बिनतोड, पण हा आकडा फसवा आहे. टक्केवारी सांगते, त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावू शकते तिचा किती हिस्सा भरला आहे. गरम हवेत जास्त वाफ मावते. पहाटे २५ अंशांना ९५ टक्के म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम वाफ. दुपारी ३२ अंशांना ६५ टक्के म्हणजेही सुमारे २२ ग्रॅमच. समुद्राने वेढलेल्या आणि विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर असलेल्या या बेटावर हवेतली वाफ दिवसभर, खरं तर वर्षभर, फारशी हलत नाही. आपल्या ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत मात्र ती ४० ग्रॅमच्या आसपास असते. घाम वाळतो तो या दोहोंतल्या फरकामुळे: ४० वजा २२, म्हणजे १८. हा फरक पहाटेही तोच आणि दुपारीही तोच. पहाटेचा खरा फायदा दुसराच आहे. तेव्हा ऊन नसतं आणि हवा अंगापेक्षा दहा अंशांनी थंड असते, त्यामुळे थोडी उष्णता नुसत्या वाऱ्यानेही निघून जाते.

आता हाच हिशेब माझ्या साताऱ्याला लावून बघते. डिसेंबरची सकाळ, १२ अंश, ७० टक्के आर्द्रता. हवेत साडेसात ग्रॅम वाफ. फरक बत्तीसच्या वर, सिंगापूरच्या पावणेदोनपट. अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळताना घाम येतो कधी आणि जातो कधी हेच कळत नाही, त्याचं कारण हे.

आई फोनवर म्हणाली, “अगं, मग तिथली थंडी पडू दे, तोवर थांब की!” तिला समजावणं कठीण गेलं. इथला आजवर नोंदलेला नीचांक १९ अंश आहे. पॅरिस, लंडन, बर्लिन, बॉस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या २००१ ते २०१० या काळातल्या जवळपास १८ लाख धावपटूंच्या वेळा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा सर्वात चांगल्या वेळा साधारण ४ ते १० अंशांत लागतात असं दिसलं. म्हणजे मॅरेथॉनला मानवणारी हवा सिंगापुरात कधीच पडलेली नाही. इथल्या राष्ट्रीय विक्रमाकडे पाहिलं तरी तेच. मुरुगय्या रामेशन यांनी १९९५ मध्ये २ तास २४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला, तो चिआंग माईच्या डिसेंबरात. तो २३ वर्षं टिकला, आणि २०१९ मध्ये सोह रुई योंग यांनी २:२३:४२ अशी वेळ देऊन तो मोडला, तो सेऊलच्या मार्चमध्ये. दोन्ही विक्रम बेटाबाहेरचे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. माझ्या घड्याळातला मंद वेग हा फक्त माझ्या पायांचा दोष नाही, एवढा धीर आला.

घामाची वाट अडली की काय होतं याची मॅरेथॉनच्या इतिहासातली सर्वात करुण गोष्ट १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकची आहे. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा व्यवसायाने सुतार. कडक ऊन पडलं होतं. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला मेण फासलं होतं, असं सांगितलं जातं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. १९५४ मध्ये व्हँकुव्हरला इंग्लंडचा जिम पीटर्स सतरा मिनिटांची आघाडी घेऊन स्टेडियममध्ये शिरला, आणि शेवटचं वळण पुरं करता करता पुन्हा पुन्हा पडत राहिला. शर्यत त्याला संपवता आली नाही. दोघेही कच्चे धावपटू नव्हते. कदाचित म्हणूनच शरीराने दिलेल्या सूचना त्यांनी ओलांडल्या.

मग रात्री पळावं का? दोहाने तेही करून पाहिलं. २०१९च्या जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्रीच्या ठोक्याला सुटली. तरीही तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक. ६८ जणी निघाल्या, २८ जणींनी वाटेतच शर्यत सोडली. सूर्य नव्हता, पण हवा तीच होती.

सिंगापूरची मॅरेथॉन १९८२ पासून भरते. डिसेंबरच्या आरंभी असते. उकाड्याशी आयोजकांचीही झटापट चालू असते. २०१९ मध्ये त्यांनी ती शनिवारी संध्याकाळी ६ वाजता सोडून पाहिली, नंतर ती पुन्हा पहाटेवर आली आणि अलीकडे साडेचारच्या सुमाराला सुटते. पहाट इथे लांबलचक असते, त्याचं कारण मला फार आवडतं. रेखांशाप्रमाणे सिंगापूरचं घड्याळ ग्रिनिचच्या सात तास पुढे असायला हवं, पण ते आधी साडेसात तास आणि १ जानेवारी १९८२ पासून आठ तास पुढे आहे. म्हणून डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. मॅरेथॉन सुरू झाली त्याच वर्षी घड्याळाने धावपटूंना काळोखाचा अर्धा तास जास्त दिला.

आता तयारीचं. सतरा-अठरा आठवड्यांच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी काय शिकावं लागतं, तर हळू पळणं. आमच्यात साठी उलटलेले एक काका आहेत, ते नव्या माणसाला एकच कसोटी सांगतात. “पळताना बोलता येतंय ना? पूर्ण वाक्य? मग ठीक.” आम्ही बेडोक जेटीपासून शहराच्या दिशेने निघतो तेव्हा मंडळाच्या गणपतीपासून मुलांच्या परीक्षेपर्यंत सगळ्यावर मराठीत गप्पा चालतात, त्या मुद्दाम. ज्याची वाक्यं तुटायला लागतात त्याने वेग कमी करायचा. यामागे कारण आहे. घाम काढण्यासाठी शरीर रक्त त्वचेकडे पाठवतं, आणि तेच रक्त पायांच्या स्नायूंनाही हवं असतं. दोन्ही पुरवठे सांभाळायला हृदय जास्त धडधडतं. साताऱ्यात ज्या वेगाला माझे ठोके मिनिटाला १४५ पडायचे, त्याच वेगाला इथे पहिल्या आठवड्यात १६५ पडत होते.

पण शरीर शिकतं, आणि चकित करणाऱ्या वेगाने शिकतं. रोज तासभर उकाड्यात श्रम केले, तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुरू होतो, तो अधिक येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. घर्मग्रंथी मीठ वाचवायला लागतात. मी स्वतः हे अनुभवलं. काळ्या टोपीवर वाळल्यावर उमटणारी पांढरी नक्षी महिन्याभरात फिकी झाली. आणि हे सारं सोडलं तर तितक्याच लवकर जातं. भारतात तीन आठवडे राहून आलं की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी शिकवणी पोटाची. पळण्याचं चपळ इंधन म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. तिचा साठा सुमारे २००० कॅलरींचा. मला ४२ किलोमीटरला लागणार अडीच हजार. उरलेलं चरबीतून यावं लागतं, आणि चरबी सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर साखरेवर जास्त भिस्त ठेवतं, उकाड्यातही तसंच. साखर संपली की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय शिशाचे होतात. धावपटू त्याला ‘भिंत’ म्हणतात. रविवारचे २४, २८, ३० किलोमीटर हे भिंत पुढे सरकवण्यासाठी असतात. या लांब, सावकाश पळण्याने स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि चरबी जाळायची सवय लागते. शिवाय वाटेत खावं लागतं, तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर. बहुतेक जण जेलची पाकिटं घेतात, साधारण २५ ग्रॅमची. मला तिसऱ्या पाकिटानंतर मळमळतं, म्हणून मी खजूर आणि जेल आलटून पालटून घेते. आदल्या दोन दिवसांत मऊ भात, बटाटा, थोडं वरण. भात खाऊन वजन किलो-दीड किलो वाढतं आणि नवखी माणसं घाबरतात. पण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. ते पाणी इथे लागणारच आहे.

पाण्याबाबत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उलट्या चुकीची. एवढा घाम जातो तर पीत राहा, असं सगळे सांगतात. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेलं आढळलं. त्यांतले बरेचसे सावकाश पळणारे होते, आणि पळता पळता त्यांचं वजन वाढलं होतं. म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले. पाच-सहा तास लागणाऱ्या माझ्यासारखीला हा धोका अधिक. तहान लागेल तेवढंच प्यायचं, आणि नुसतं पाणी नाही. इथे शर्यतीत हमखास मिळतं ते १०० प्लस. फ्रेझर अँड नीव्ह कंपनीने आपल्या शंभरीला, १९८३ मध्ये काढलेलं. सिंगापुरात वाढलेली मुलं ते तापातही पितात आणि फुटबॉलनंतरही. मी लांब पळण्याआधी आणि नंतर वजन करते. किलोभर घट चालते. वाढ मात्र चालत नाही.

जागांचं मात्र या शहराने भरभरून दिलं आहे. ईस्ट कोस्ट पार्क हे समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवरचं, पंधरा किलोमीटर लांब, सपाट. त्या सपाटीचाही जाच होतो, कारण तेच ते स्नायू न थांबता वापरले जातात. म्हणून महिन्यातून दोनदा मी मॅकरिची जलाशयाभोवतीच्या रानवाटेवर जाते, नाहीतर रेल कॉरिडॉरवर. मलेशियाकडे जाणारी आगगाडी २०११ मध्ये इथून बंद झाली, रूळ निघाले आणि २४ किलोमीटरची हिरवी वाट मागे राहिली. सावली असते, पायांखाली बरीचशी माती असते. जून ते सप्टेंबर, नेमक्या सरावाच्या महिन्यांत, सुमात्रावरून पहाटेच वादळाची रांग येते. समुद्रावर काळी कड दिसली की वळायचं आणि छपराखाली जायचं, यावर चर्चा नाही. वर्षात सरासरी १६८ दिवस इथे गडगडाट होतो. उन्हासाठी हवामान खात्याने २०२३ पासून उष्म्याच्या ताणाची सूचना सुरू केली आहे. तिचा आकडा तापमान, ओलावा, ऊन आणि वारा यांना एकत्र धरतो. ३१च्या खाली ठीक, ३३च्या वर गेला की घरी बसायचं. टक्केवारीवरच्या आमच्या वादापेक्षा हा एक आकडा पुष्कळ खरा आहे.

हाडं आणि स्नायूबंध हृदयापेक्षा फार सावकाश घट्ट होतात. दम पुरतो आहे म्हणून अंतर वाढवत गेले, तर नडगी दुखते. माझी ऑगस्टमध्ये दुखली, बारा दिवस गेले. आता सरावाची उतरती आहे. ३० किलोमीटर गेल्या रविवारी झाले, यापुढे दर आठवड्याला अंतर कमी. पाय मोकळे होतात आणि मन अस्वस्थ होतं. रात्री जाग येते, आणि मी छताकडे बघत शर्यत पळते.

त्या पळण्यातली एक जागा मी पक्की केली आहे. साडेचारला सुटले, किलोमीटरला साडेसात मिनिटं धरली, तर सात वाजता मी विसाव्या किलोमीटरला असेन आणि सूर्य वर येईल. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट उन्हात. तिथून पुढे घामावर विसंबता येणार नाही. म्हणून मी बर्फाचा हिशेब केला. अर्धा किलो बर्फ वितळून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत जवळजवळ ५८ कॅलरी शोषतो. माझं अंग एका अंशाने निवायला ५० पुरतात. सगळा एकदम खायचा नाही, अर्धा चघळायचा, अर्धा रुमालात बांधून मानेवर. लहानपणी यात्रेत मिळायचा तसा, कुटलेला.

नवरा लेकीला घेऊन विसाव्या किलोमीटरजवळ उभा राहणार आहे. गेल्या रविवारी आम्ही थर्मासची परीक्षा घेतली. पहाटे साडेतीनला बर्फ कुटून भरला, आणि सात वाजता ईस्ट कोस्टच्या बाकावर झाकण उघडलं. निम्म्याहून जास्त शाबूत होता. लेकीने आधी मूठभर काढून तोंडात टाकला, आणि मग थर्मास माझ्याकडे दिला.